दर्शनाच्या नावावरचे चारशे ग्रॅम

दर्शना गेल्याचा फोन आला तेव्हा क्रशर चालू होता. बर्फाच्या लाद्या फोडणारं ते यंत्र चालू असलं की आमच्या कारखान्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही. मी खुणेनं ते बंद करायला सांगितलं आणि पलीकडून तिच्या भावानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, "वैनी, दर्शी गेली." सकाळचे सव्वासात वाजले होते. रेवदंड्याच्या बंदरात दोन बोटी बर्फासाठी थांबल्या होत्या, दारात टेम्पो उभे होते. मी क्रशर पुन्हा चालू करायला लावला, दोन्ही बोटींचा बर्फ भरून दिला, मग चपला घातल्या आणि कोळीवाड्यात गेले. आपल्यासाठी कुणी काम थांबवलेलं तिला कधी आवडलं नाही, आणि त्या दिवशी तरी ते थांबवायचं कारण मला दिसलं नाही.

तेहेतीस वर्षांची होती. डेंगीनं गेली. रेवदंड्याहून अलिबाग, अलिबागहून मुंबई, आणि पाचव्या दिवशी संपलं. पुढच्या आठवड्यात किमान वीस जणांनी मला आवाज खाली आणून विचारलं, "डोक्याला जुना मार असेल ना?" नव्हता. बारा वर्षं ती पिंजऱ्यात लढली. मिश्र युद्धकला म्हणतात त्या खेळाला. ठोसे, लाथा, कुस्ती, पेच, सगळं चालतं, आणि ते आठ कोनांच्या जाळीदार पिंजऱ्यात चालतं. त्या पिंजऱ्यात तिला काही झालं नाही. डास चावून गेली. ज्यांना यातून खेळाविरुद्ध काही बोध काढायचा असेल त्यांनी आधी आपल्या घरामागची पिंपं रिकामी करावीत.

पण डासाबद्दल लिहायला मी बसलेले नाही. ती गेल्यावर तिच्याबद्दल जे थोडंफार छापून आलं, फोनवर फिरलं, त्यात एक वाक्य सगळीकडे होतं. कुणी मवाळ शब्दांत लिहिलं, कुणी सरळ. पोरगी गुणी होती, पण शिस्त नव्हती. देशातल्या विजेतेपदाच्या पट्ट्याची एकमेव लढत वाट्याला आली तेव्हा तिला वजनसुद्धा पाळता आलं नाही. हे वाक्य खोटं आहे. ते का खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक आता नाही, आणि दुसरी मी.

मी रेवदंड्यात बर्फाचा कारखाना चालवते. माहेर किहीमचं, वाडीवाल्यांचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा बर्फ म्हणजे सरबतात घालायचा एवढंच ठाऊक होतं. नवऱ्याची अलिबागला कचेरीत नोकरी, त्यामुळे सासऱ्यांनी कारखान्याची कामं मला शिकवली. बोटींना बर्फ लाद्यांच्या हिशेबानं जातो. मासळी विकणाऱ्या बायकांना मात्र फोडलेला बर्फ किलोवर लागतो, आणि तो आम्ही दारातल्या जुन्या लोखंडी काट्यावर मोजून देतो. खाली फळी, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दर्शनाची आई जनाबाई रोज सकाळी तिथे रांगेत असायची. जनाबाईचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तिच्या जागी मुलगी यायला लागली. अठरा-एकोणीस वर्षांची, उंचीनं बेताची, मानेनं रुंद. डोक्यावर बर्फाची पाटी ठेवून, हात न लावता, बंदराच्या ओल्या उतारावरून चालत जायची.

एके सकाळी एका टेम्पोवाल्यानं रांग मोडून आपलं टोपलं पुढे सरकवलं. बायकांनी त्याचा यथास्थित उद्धार केला, तो हसला. दर्शनानं पाटी खाली ठेवली, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि पुढच्या क्षणी तो माझ्या ओल्या फरशीवर पाठीवर होता आणि ही त्याच्या छातीवर. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. नुसती बसून राहिली.

"ए, उठ त्याच्यावरून," मी म्हटलं. "बर्फ वितळतोय सगळ्यांचा."

"मी त्याला हानला न्हाय वैनी," ती म्हणाली, "नुसता धरून ठेवलाय. त्याला सांगा, मागं जातो बोल."

"जातो मागे," खालून तो म्हणाला.

त्या वेळी रांगेच्या बाजूला इक्बालभाई उभे होते. इक्बालभाई मूळचे मुरुडचे, तरुणपणी आखातात नोकरीला गेले, तिथे कुस्ती आणि बॉक्सिंग शिकले आणि परत येऊन पनवेलला जिम काढली. दर महिन्याला घरी आले की जाताना मासळी घेत आणि खोक्यात घालायला आमचा बर्फ. त्यांनी मला विचारलं, "वैनी, हिला कुणी शिकवलं हे?"

"पाटीनं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करते. पण नंतर दहा वर्षं त्यांनीच जिमच्या पोरांना ते ऐकवलं, की डोक्यावर चाळीस किलो घेऊन चालून पाहा, मग मानेचे व्यायाम विचारा.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. आठवड्यातले चार दिवस पहाटेची एसटी धरून पनवेल, परत येऊन बाजार. कोळीवाड्यात आधी हसले, मग रागावले, मग पहिल्या लढतीचं चित्रण फोनवर बघून गप्प झाले. वडील बोटीवर असत. ते एवढंच म्हणाले की आमच्यात बाया बाजारात रोज भांडतातच, ही वेळ ठरवून आणि पंच ठेवून भांडते. बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईंनी काळजीनं विचारलं होतं, "नाकबिक मोडलंय का कधी?" दर्शना चहा देत होती. म्हणाली, "मोडलीत ना. माझं नाही." पाहुणे पोहे अर्धे ठेवून गेले. जनाबाईनं दोन दिवस तोंड फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी हाच प्रसंग स्वतःच बाजारात रंगवून सांगायला लागली.

माझा त्यात संबंध आला तो बर्फामुळे. सरावानंतर अंग ठणकतं, त्यावर बर्फाच्या पाण्यात बसणं हा उपाय. पनवेलच्या जिममध्ये त्यासाठी बर्फ विकत आणत; आमच्याकडे बर्फाला काय तोटा. मासळीचा मोठा निळा टब आम्ही मागच्या खोलीत ठेवला, त्यात ती गळ्यापर्यंत बसायची आणि मी बाहेरून मिनिटं मोजायची. बर्फात बसून तिला भयंकर बोलायचं असायचं. दात वाजत असताना बाजारातल्या भांडणांच्या हकिकती सांगायची, कोण कुणाला काय म्हणाली, नकलांसकट. मग सुजलेल्या डोळ्यावर बर्फ कसा आणि किती वेळ दाबायचा हे मला इक्बालभाईंनी शिकवलं, आणि एक दिवस मीच तिच्या कोपऱ्यात बर्फाची पिशवी घेऊन उभी राहिले. पंचेचाळिशीची बाई, साडीवर स्पोर्ट्स शूज. पहिल्यांदा लोक हसले. मी काही तिथे सुंदर दिसायला गेले नव्हते.

आणि वजन. या खेळात लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी वजन होतं. दर्शनाचा गट छप्पन्न किलो सातशे ग्रॅमचा. एरवीचं तिचं वजन साठ-एकसष्ट. म्हणजे शेवटच्या आठवड्यात खाणं कमी, मीठ बंद, आणि शेवटचे दोन दिवस पाणीही घोटाघोटानं. हे वजन आमच्या काट्यावर बघायचं असं आपोआप ठरलं. काटा दारात, टब मागे, घर चार पावलांवर. पहाटे ती काट्यावर उभी राहायची, मी दांडीवरचं वजन सरकवून आकडा सांगायची, आणि आम्ही गाडीनं निघायचो. वाटेत पनवेलला जिममध्ये थांबून इक्बालभाई त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुन्हा बघायचे. तिथे दर वेळी किलोभर जास्त भरायचं.

दर वेळी. मी पाणी प्यायलीस का विचारायची, ती "घोटबी न्हाय" म्हणायची, इक्बालभाई हसायचे आणि तिला प्लास्टिकचा सूट घालून अर्धा-पाऊण तास दोरीवर उड्या मारायला लावायचे. वडखळच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत तासभर बसावं लागतं, तेव्हा ही गुपचूप पाणी पीत असणार, असं आम्ही धरून चाललो. त्याला नावही दिलं होतं, 'वडखळचं वजन'. ती बिचारी शपथ घेऊन थकली आणि मग तीही त्यावर हसायला लागली. आज लिहिताना मला त्या हसण्याचा सगळ्यात जास्त राग येतो. तिच्या हसण्याचा नाही, आमच्या.

पट्ट्याची लढत आली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. नवी मुंबईतल्या मोठ्या सभागृहात, पाच फेऱ्यांची. समोरची मुलगी मणिपूरकडची, आधीची विजेती, चांगली खेळाडू. साध्या लढतीत वजनाला थोडी सूट असते. पट्ट्याच्या लढतीत ग्रॅमचीही नाही. त्या पहाटे आमच्या काट्यावर ती छप्पन्न सहाशे भरली. ओठ सुकलेले, डोळे खोल, पण आकडा चोख. गाडीत पाण्याची बाटली मी स्वतःच्या पायाशी धरली. या वेळी वडखळचं वजन होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंच होतं. नाक्यावर नेहमीपेक्षा जास्त अडकलो, उशीर व्हायला लागला. पनवेल आलं तेव्हा ती म्हणाली, "वैनी, जिमवर थांबायचा ना?"

मी म्हटलं, "कशाला? बाटली माझ्यापाशी आहे. एक थेंब गेलेला नाही पोटात. सरळ चल."

ते वाक्य माझं. निर्णय माझा. इक्बालभाई परस्पर सभागृहात पोचले होते, त्यांना मी फोनवर सांगितलं, वजन बरोबर आहे, मी बघितलंय.

तिथल्या काट्यावर सत्तावन्न पाचशे भरलं. आठशे ग्रॅम जास्त.

नियमानं एक तास मिळतो. तिनं प्लास्टिकचा सूट चढवला आणि सभागृहामागच्या उन्हात दोरी घेतली. अंगात घाम यायलाही पाणी लागतं, ते उरलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी ती उड्या मारता मारता गुडघ्यावर बसली, उठली, पुन्हा सुरू झाली. मी तिथे उभी होते. मी डोक्यात सगळं मोजत होते, बाटली, पाणी, वाट, आणि कुठेच काही चुकत नव्हतं. इक्बालभाई तिच्यासमोर उकिडवे बसले. "सच बोल बेटा, खाया क्या रात को?"

"न्हाय सर."

"मग हे आलं कुठून? हवेतून?"

तिनं पुन्हा दोरी उचलली. तास संपला तेव्हा सत्तावन्न शंभर. चारशे ग्रॅम जास्त. आयोजकांनी नियम वाचून दाखवला. लढत होईल, पण दर्शना जिंकली तरी पट्टा तिला मिळणार नाही, हरली तर हार मात्र तिच्या नावावर लागेल. न लढण्याची मुभा होती. मी म्हटलं, घरी जाऊ. इक्बालभाईही तेच म्हणाले. ती म्हणाली, "ती पोरगी मणिपूरवरनं आलीय. मी रेवदंड्यावरनं येऊन परत जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती लढली. पंचवीस मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्यांत तिचे पाय जड होते, मला कोपऱ्यातून दिसत होतं. तिसरीत त्या मुलीनं तिची मान काखेत धरली, आणि हा पेच बसला की बहुतेक सगळे तिथेच हार मानतात. दर्शना त्या पकडीत उभी राहिली. जशी उतारावर पाटी घेऊन उभी राहायची तशी, पाय रोवून, घाई न करता. समोरचीचे हात थकले. मग हिनं तिला कमरेला धरून उचललं आणि खाली ठेवलं, आपटलं नाही, ठेवलं, आणि उरलेली लढत तिच्यावर बसून काढली. तिन्ही परीक्षकांनी दर्शनाच्या बाजूनं कौल दिला. पंचांनी हात वर केला. पट्टा टेबलावर होता. एका माणसानं तो मखमली पिशवीत घातला, पिशवी पेटीत घातली आणि पेटी उचलून नेली. माइक घेऊन एकजण आला. एवढी चांगली लढलीस, मग वजन का चुकलं, म्हणाला. ती म्हणाली, "वजन माझं होतं, जबाबदारी माझी. दुसरा प्रश्न विचारा."

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी दुकानातून पन्नास किलो मिठाचं शिवलेलं पोतं कारखान्यात आलं. मी ते सहज आमच्या काट्यावर टाकलं. काटा म्हणाला एकोणपन्नास.

मी दांडीच्या टोकाला हात लावला. तिथे नायलॉनच्या दोऱ्यानं शिशाचा एक तुकडा बांधलेला होता, जाळ्याला लावतात तसला, नखाएवढा. तो माझ्या सासऱ्यांनी बांधलेला. त्यांचं म्हणणं असं की बाई इथून बर्फ घेते आणि बाजारात पोचेपर्यंत त्यातला किलोभर वितळून रस्त्यावर जातो. तो तिच्या माथी का? म्हणून काटाच किलोनं कमी दाखवेल असा करून ठेवायचा. चाळीस मागितला की एक्केचाळीस जातो. दरवर्षी काटा तपासायला माणूस येतो त्या दिवशी तुकडा काढायचा, तो गेला की परत बांधायचा. सासरे गेल्यावर हे मीच करत होते. वर्षातून एकदा स्वतःच्या हातानं सोडून स्वतःच्या हातानं बांधलेला तो तुकडा मला सात-आठ वर्षं त्या काट्यावर उभ्या राहिलेल्या मुलीच्या बाबतीत एकदाही आठवला नाही. माझ्या लेखी तो बर्फाचा होता. माणसाचं वजन वितळत नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तशीच तिच्या घरी गेले, तिला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. प्रस्तावना वगैरे मला येत नाही. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हंजे माजी आयस एवढी वरसा रोज किलोभर बरफ फुकट आनते?" आणि हसायला लागली. डोळा सुजलेला होता, हसताना दुखत होतं, तरी हसत होती. मी म्हटलं, हसू नकोस, मी उद्याच इक्बालभाईंना सांगते, आयोजकांना पत्र लिहिते. तेव्हा तिचं हसणं थांबलं.

"कुनाला सांगायचा न्हाय."

"का?"

"वैनी, बाजारात कुनी आयकून घेनार हाय का, काटा कुनाच्या बाजूनं खोटा ते? खोटा एवढाच आयकतील. पट्टा काय परत येतो काय? न्हाय. मग तुमचा कारखाना कशाला बुडवायचा?"

"आणि तुझं नाव?"

"काट्यावर मी उभी व्हते," ती म्हणाली. "तुमी न्हाय."

मी तिच्याशी वाद घातला. मी वादात सहसा हरत नाही, त्या दिवशी हरले. हरले असं म्हणणंही सोयीचं आहे. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यासाठी मी सात वर्षं गप्प बसले. ती मात्र त्या सात वर्षांतली पाच वर्षं लढत राहिली. तिनं स्वतःचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. त्यानंतरच्या प्रत्येक लढतीत ती गटाच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो कमीच भरली, न चुकता. हे कुणी छापलं नाही. पट्ट्याची लढत पुन्हा मिळाली नाही, कारण नाव निघालं की आयोजक म्हणायचे, ती वजनवाली ना? इक्बालभाईंनी तिला शिकवणं सोडलं नाही, पण पहिल्यासारखे तिच्याकडे बघायचे नाहीत. तिनं लढणं थांबवलं आणि त्यांच्याच जिममध्ये शिकवायला लागली, तरी ते तसंच राहिलं. तिला ते दिसत होतं. तिनं त्यांनाही सांगितलं नाही.

ती गेल्यावर पंधराव्या दिवशी कोळीवाड्यातल्या सभागृहात शोकसभा झाली. इक्बालभाई बोलायला उभे राहिले. रडत होते. म्हणाले, "अशी पोरगी मी आयुष्यात पाहिली नाही. ताकद होती, डोकं होतं, दिल होतं. एकच गोष्ट कमी पडली… शिस्त. ती असती तर आज तो पट्टा इथे फोटोशेजारी असता."

मी उभी राहिले. माझं नाव वक्त्यांत नव्हतं. पुढच्या रांगेतला एक पुढारी हळूच म्हणाला, "वैनी, तुमचं नंतर घेऊ."

"नंतर झालंच आहे," मी म्हटलं, "त्यासाठीच सगळे जमलोय." आणि सांगून टाकलं. शिसं, दांडी, वडखळचं वजन, पनवेलला न थांबणं, मिठाचं पोतं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग मागून मासळीवाल्या बायकांतली एक म्हणाली, "म्हंजे वैनी, तुमचा काटा खोटा?"

"खोटा. तीस वर्षं. तुमच्या बाजूनं."

"मंग तो तसाच ऱ्हवू द्या," ती म्हणाली, आणि शोकसभेत पहिल्यांदा लोक हसले. दर्शनाचा अंदाज चुकला होता. बाजारानं ऐकून घेतलं. आम्ही सात वर्षं ज्याला भ्यालो ते घडायला एक मिनिट लागलं नाही आणि त्यात काहीही बुडालं नाही.

इक्बालभाई सभेनंतर माझ्याशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आले आणि थेट काट्यावर जाऊन उभे राहिले. मी वजन सरकवून आकडा सांगितला. मग शिसं सोडून पुन्हा सांगितला. ते उतरले. "मी तिला विचारलं होतं, हवेतून आलं का," ते म्हणाले. "त्याआधीच ती मला 'न्हाय सर' म्हणाली होती. एकदाच. मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." मी त्यांना चहा दिला. समजूत घातली नाही. त्यांची चूक त्यांची, माझी माझी. त्यांनी आयोजकांना फोन केला. तिकडून सांगितलं की नोंद बदलत नाही, त्या दिवशी भरलं ते भरलं. मला ते मान्य आहे. चारशे ग्रॅम खरेच जास्त होते. ते तिच्या नावावर राहू देत. शिस्तीचं वाक्य मात्र मी राहू देणार नाही. जिथे छापलेलं दिसेल तिथे मी लिहीन, आणि मला लिहायला वेळ आहे.

जनाबाई त्या सभेत पहिल्या रांगेत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. पुढचे चार दिवस बर्फालाही आली नाही. पाचव्या दिवशी आली, रांगेत उभी न राहता आत आली आणि टबाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली.

"वैनी, एक इचारू? पट्ट्याच्या वजनाच्या आदल्या सांजला मी हितं डबा धाडलेला. सुक्या बोंबलाची चटनी."

मला आठवला तो डबा.

"तो रिकामा आला," ती म्हणाली. "लढत झाली, तवा इक्बालभाय बोलले, मीठ पोटात गेला का आंगात पानी धरून ऱ्हाते. मी आयकला. मना वाटला, माज्या चटनीचा मीठ. पोरीचा पट्टा मी घालवला… तवापासून मी ती चटनी केली न्हाय. तिना कदी मागितली न्हाय, मी कदी केली न्हाय. तिना कदी इचारला न्हाय."

तिनं का विचारलं नसेल हे मला लगेच कळलं. आई चटणी करत नाही, ती वजन सांभाळायला मदत म्हणून, असं तिला वाटलं असणार. दोघी एका घरात, एका चुलीपाशी, सात वर्षं एकमेकींना जपत होत्या. आणि मी चार घरं सोडून गप्प होते.

"जनाबाई," मी म्हटलं, "ती चटणी दर्शनानं खाल्ली नाही. डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, तुमी खा वैनी, आयसकडे भरलेला डबा गेला तर तिला वाईट वाटंल. मी खाल्ली. सगळी. भाकरीबरोबर."

मी रडण्याची तयारी ठेवली होती, तिच्या किंवा माझ्या. ती पदर खोचून उभी राहिली.

"सात वरसा," ती म्हणाली. "चटनी खाल्ली आनि चांगली झालेली एवढाबी बोलायला तुमाला तोंड न्हवता?"

आणि गेली. बर्फ न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन रांगेच्या वेळी ती आली, बायकांना कोपरानं बाजूला करत, आणि काट्याच्या फळीवर डबा ठेवला. स्टीलचा, झाकणावर दर्शनाचं नाव कोरलेलं, शाळेत नेताना हरवू नये म्हणून भांडीवाल्याकडून कोरून घेतलेलं. झाकण उघडलं. भाजलेल्या बोंबलांचा वास सगळ्या कारखान्यात पसरला.

"खा," ती म्हणाली. "साऱ्यांच्या समोर. मीठ बरोबर हाय का सांग."

मी क्रशर बंद करायला लावला, म्हणजे मागच्या बाईलाही ऐकू जाईल. हात धुतले, खाल्लं. मीठ बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. तसं मी मोठ्यानं सांगितलं, आणि आता इथे लिहून ठेवते आहे.